दामाजीचा जबाब

३ फेब्रुवारी
नोकरीचा पहिला दिवस मस्त गेला. मूकबधिरांच्या शाळेत शिकवणं सोडून पोलिसांकडे दुभाषी म्हणून जातेय म्हटल्यावर आई धास्तावलेली, तरी सकाळी शिरा केलाच. इन्स्पेक्टर आनंद सर चांगले वाटले. म्हणाले, आजवर ऐकू न येणारा माणूस आला की आम्ही नुसते जास्त जोरात ओरडायचो, आता तू आलीस. सगळे हसले. खिडकीजवळचं टेबल मिळालंय, भरतीच्या वेळी तिथून खाडी दिसते. आईसाठी येताना सोनचाफा आणला.

६ फेब्रुवारी
पहिली केस. दामाजी, खाडीकाठचा कोळी. बायको चंद्रभागा ओहोटीला चिखलात मेलेली सापडली. शेजारीण शेवंतीबाईंनी सांगितलं, नवराबायको दोघंही जन्मापासून मुकेबहिरे. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, अक्षर येत नाही. दोघांनी आपल्यापुरत्या खुणा बनवलेल्या, तिसऱ्या कुणाला त्या कळायच्या नाहीत.

माझ्या शाळेतल्या खुणा त्याला कळेनात, त्याच्या मला. तो पाणी दाखवायचा, मग नाकाशी बोट नेऊन नथ, म्हणजे चंद्रभागा. मग दोन्ही तळवे पसरून खाली दाबायचा. पुन्हा पुन्हा. हे कुणी केलं विचारलं तर छातीवर हात मारला. मी म्हटलं, दाबलं म्हणतोय. आनंद सरांनी विचारलं, म्हणजे पाण्यात दाबून धरलं? सगळ्यांचा चहा गार झालेला, सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, तसंच दिसतंय.

मला कळत नाहीये, असंही म्हणता आलं असतं.

८ फेब्रुवारी
मॅजिस्ट्रेटसमोर जबाब झाला. व्हिडिओ झाला, माझी सही झाली. दामाजी आज खुणा करत होता, पण माझ्याकडे बघून नाही. माझ्या खांद्यामागे बघून. मागे वळले तर भिंत. त्याला कल्याणच्या जेलला नेताना गाडीच्या जाळीतूनही त्याचे हात चालूच होते, नजर माझ्या बाजूला.

घरी आले तर आईने विचारलं, सोबत कोण आहे गं? मग स्वतःच म्हणाली, काही नाही, मला आपलं वाटलं.

१२ फेब्रुवारी
दुपारी तांदूळ धूत होते. हात पातेल्यात घातले आणि ते माझे राहिले नाहीत. तळवे पसरले, तळाशी दाबले गेले, बोटं तांदळात शोधू लागली. मी ओट्याशी उभी होते आणि चिखलाखालीही होते. नाकातोंडात गाळ. वरून कुणीतरी दोन्ही हातांनी चिखल दाबत, चाचपत येत होतं. त्याची बोटं माझ्या केसांना लागली. मग पुढे गेली.

तो तिला शोधत होता. दाबत नव्हता. शोधत होता.

मी ते उलटं सांगितलंय.

१३ फेब्रुवारी
आनंद सरांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, प्राप्ती, पातेल्यात हात घातला आणि अर्थ कळला, हे कोर्टात कसं सांगायचं? दामाजीला सरकारकडून मिळालेले वकील साकेत म्हणाले, लेखी अर्ज दे, मी लावून धरतो. ते भले वाटले.

येताना शीळफाट्यावर रिक्षा अडकली. चारी बाजूंनी ट्रक. बऱ्याच वेळाने लक्षात आलं की एकही हॉर्न ऐकू येत नाहीये.

१६ फेब्रुवारी
डॉक्टरांनी लिहून दिलं, कान ठणठणीत आहेत. मला काहीच ऐकू येत नाही. काल सकाळपासून आवाजही नाही. तोंड उघडते, हवा जाते.

अर्ज लिहून साकेतना दिला. त्यांनी कागद पाहिला, उलटा करून पाहिला. मोबाईलवर लिहून दाखवलं – ‘यात काही लिहिलेलं नाही. नुसत्या रेघा आहेत.’ मी बोटाने एकेक ओळ दाखवली. मला अक्षरं स्वच्छ दिसत होती. मोबाईलवर टाईप केलं तर ते डोळे बारीक करून बघत राहिले. मग माझ्यासाठी पाणी मागवलं. इतक्या मायेने, की मला ओरडावंसं वाटलं.

१८ फेब्रुवारी
आई चिठ्ठ्या लिहिते. तिचं शिक्षिकेचं गोल अक्षर. आज एकही चिठ्ठी वाचता आली नाही.

चंद्रभागेला ऐकू येत नव्हतं. बोलता येत नव्हतं. अक्षर येत नव्हतं. जे तिच्याजवळ नव्हतं ते माझ्यातून जातंय, ती आत येतेय तसतसं – हे लिहिलेलंही रेघाच असेल का –

२० फेब्रुवारी
कोर्टात तारीख होती. माझा हट्ट, म्हणून आई घेऊन गेली. दामाजी दिसला आणि माझे हात वर उठले. मला न येणाऱ्या खुणा, भराभर. तो रडायला लागला. मग उत्तर देऊ लागला. किती वेळ दोघं बोलत होते – मी मध्ये होते, मला एक शब्द कळला नाही.

मॅजिस्ट्रेटसाहेब विचारत होते, ही काय सांगतेय? ओठांवरून तेवढं कळलं. सगळे इकडेतिकडे बघू लागले. तिथे सांगणारं कुणी नव्हतं. दुभाषी मीच.

पुढची तारीख पडली. आनंद सरांनी स्वतः मला धरून बाहेर नेलं.

२२ फेब्रुवारी
हात थांबत नाहीत. जेवताना, झोपेत. भिंतीशी बोलतात. बोटं सोलवटली.
मधेच एखादा क्षण उजवा हात मिळतो. तेव्हा हे –

२३
आई रडतेय. डॉक्टर येऊन गेला. काय म्हणाला कळलं नाही, हाताने मनगट आवळून दाखवलं त्याने.
आई ओढणी घेऊन आलीय. आई, नको. चंद्रभागेला त्याच्याशी अजून – त्याला सोडवायला एवढंच उरलंय, हे हातच –
मान हलवतेय मी. आईला वाटतं झटका.
डावा बांधला. गाठ मारताना हाताचा मुका घेतला.
आता उज