हाताचा गुण

सोमवार, ता. ३
देवाच्या कृपेने खाट मिळाली. खोली उन्हाची, स्वच्छ, दोनच खाटा. चार वेळा पोटातच गेलं. हे पाचवं, सातवा आठवडा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमचं रक्त गुठळ्या धरतं. रोज सकाळी पोटात सुई, दोन वेळा गोळ्या, पुढे गरज पडली तर पिशवीच्या तोंडाला टाका. इतके उपाय असतात हे आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. हे जाताना म्हणाले, आता तुझ्या देवालाही जरा सुट्टी दे. शेजारी एक शिक्षिका आहे, अकरावा आठवडा. माझ्या रोजनिशीतल्या शुद्धलेखनाच्या चुका काढून मोकळी झाली.

गुरुवार, ता. ६
सोनोग्राफी. बाळाचे ठोके मंद, मिनिटाला ऐंशी. डॉक्टरीणबाई वाट पाहू म्हणाल्या, पण आवाज उतरला होता. पोटावर हात ठेवून जप करत बसले. शिक्षिका म्हणाली, माझ्यावरही ठेवा, तुमच्या हाताला गुण असेल. ठेवला. बोटांना मुंग्या आल्या.

शुक्रवार, ता. ७
शिक्षिकेच्या बाळाचे ठोके थांबले. काल तर छान होते. माझे एकशे चाळीस. आनंद झाला, मग त्या आनंदाची लाज वाटली. जाताना ती माझ्या हाताकडे बघत राहिली.

सोमवार, ता. १०
रिकाम्या खाटेवर धाकटी नणंद आली. तिचंही दोनदा गेलंय, हे तिसरं. मीच फोनवर इथलं कौतुक केलं होतं. आल्या आल्या म्हणाली, वहिनी काटकसरी, एकाच पाळण्यात दोघांना झोपवतील. किती दिवसांनी हसले.

गुरुवार, ता. १३
माझे पुन्हा ऐंशी. सुई चुकली नाही, गोळी चुकली नाही, जप चुकला नाही. तिचे एकशे सत्तर. डॉक्टरीणबाईंना हाताचं सांगितलं. म्हणाल्या, असं काही नसतं, स्वतःला दोष देऊ नका.
हात पांघरुणाखाली ठेवलाय.

शुक्रवार, ता. १४
साठ. आता उपाय नाही म्हणाल्या.
तिच्या पोटात कळ येतेय. म्हणते, वहिनी, हात ठेवा, देवाचं म्हणा. मी नाही म्हटलं. रडली. माझं काय चुकलं, विचारते —

शनिवार, सकाळ
चाळीस.
उजव्या हाताने लिहीतच राहायचं. डावा उशीखाली.
ती उठली. माझ्या खाटेवर बसली —
"वहिनी, एकदाच. तुमच्याशिवाय कोण आहे मला इथे?"
डावं मनगट धरलंय. तीच आपल्या पोटाकडे ओढतेय. देवा, तू बघतोयस, तीच —
मी सोडवून घेत नाही —
का नाही घेत —
मुंग्या