पंचाची बहीण

उमेळे,
२४ नोव्हेंबर

चि. गुरुदत्त यास सुनंदाताईचे आशीर्वाद.

इकडे सगळे ठीक. तुझ्या भावोजींचा खोकला तसाच आहे. औषध घेत नाहीत, मी बोलणं सोडलंय. फोन केला की तू बघू ताई म्हणतोस आणि ठेवून देतोस. कागदावर बघू चालत नाही, म्हणून लिहायला बसले. चौथीच्या पुढे शाळा बघितली नाही, अक्षराला हसू नकोस.

तुझ्या बायकोकडून, मेघनाकडून कळलं की तालुक्याच्या खो-खोच्या अंतिम सामन्याला तू पंच आहेस, आणि जितेंद्रच्या पोरी त्यात खेळणार आहेत. ऐकून मला दोन घास जास्त गेले.

तुझ्याच हाताखाली शिकलेला हा जितेंद्र. माझ्या ओट्यावर बसून जेवलेला. तुला शाळेने विज्ञान शिकवायला ठेवलंय, खेळाचा शिक्षक त्यांना परवडत नाही, तरी दर रविवारी तू पोरींना आचोळ्याहून इथे आणायचास. शाळेला मैदान नाही म्हणून मी वाडीतली केळीची रांग तोडून तुला खांब रोवू दिले. आणि हा बोळिंजच्या मोठ्या शाळेत खेळाचा शिक्षक म्हणून लागला, बूट आणि फीमाफी दाखवली आणि तुझ्या पाच पोरी घेऊन गेला. तुझी उन्नतीसुद्धा. यंदा तुला संघच उतरवता आला नाही. वर पेपरवाल्यांना सांगतो की पोरी मी घडवल्या.

आता शिट्टी तुझ्या तोंडात आहे. जोरात वाजव. कारण काय ते तू शोध, मला तो हरलेला पाहिजे.

मेघनाला आशीर्वाद. माझ्यावर माया ठेव, पण आधी उत्तर पाठव.

तुझी ताई,
सुनंदा


आचोळे,
२८ नोव्हेंबर

ती. सुनंदाताईस गुरुदत्तचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. अक्षर माझ्या नववीच्या वर्गापेक्षा बरं आहे आणि राग तर मोत्यासारखा. भावोजींना रोज वाफ घ्यायला लाव, माझं नाव सांग.

मी पंच म्हणून उभा राहणार नाही. तसं कळवलंय. कारण ऐक, मग शिव्या दे. उन्नतीची खोड तू पाहिलीस. चौकात बसलेली असताना पाठीला हात लागून खो मिळण्याआधीच तिचा गुडघा उचलतो. तो फाऊल. वाडीत मी दर रविवारी तेच ओरडत असायचो, पण खोड पुरती मोडण्याआधी ती गेली. पापणी लवावी एवढाच फरक आहे. दुसऱ्या पंचाच्या नजरेतून सुटेल, माझ्या नाही. मी शिट्टी वाजवली तर लोक म्हणतील सरांनी सूड उगवला. नाही वाजवली तर समोरच्या पोरींवर अन्याय.

याच सामन्यातून जिल्ह्याचा संघ निवडणार आहेत. उन्नतीसाठी ती मोठी गोष्ट आहे. तिचे वडील रिक्षा चालवतात, पोरगी बूट मिळाले म्हणून गेली. तिच्यावर माझा राग नाही. जितेंद्रवर आहे, तुझ्यापासून काय लपवू. पण तो शिट्टीतून काढणार नाही.

माझ्या जागी सिप्रियन मास्तर आहेत. त्या दिवशी तू वाडीतच थांब, एवढं माझं ऐक. आणि या धाकट्या भावाला सांभाळून घे.

तुझा,
गुरुदत्त


उमेळे,
९ डिसेंबर

चि. गुरुदत्त यास आशीर्वाद.

थांबले नाही. सामन्याला गेले.

सुरू व्हायच्या आधी सिप्रियन मास्तरांना गाठलं. बाबांच्या ओळखीतले, मला बघून खूश झाले. मी त्यांना एवढंच सांगितलं की सात नंबरच्या पोरीचा गुडघा बघा. एक अक्षर खोटं बोलले नाही.

त्यांनी बघितला. शिट्टी, परत शिट्टी. प्रत्येक वेळी उन्नतीला उलट्या दिशेला पळावं लागे, तोवर समोरची पोरगी सुटलेली. शेवटी शेवटी ती इतकी बिचकली की खो मिळाला तरी बसूनच राहिली. जितेंद्र दोन गुणांनी हरला.

मी मुद्दाम त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले. विचारलं, ओळखलंस का, तुला मासे वाढायचे ती मी. मान वर केली नाही त्याने. घरी येऊन मी आडवी झाले ते सकाळीच उठले. कित्येक महिन्यांत अशी झोप नव्हती.

पोरीची जिल्ह्याला निवड झाली नाही असं ऐकलं. होतं असं. आता तू मला बोलणार. बोल, मी ऐकून घेईन आणि तरी तुझी ताईच राहीन.

सुनंदा


आचोळे,
१३ डिसेंबर

ती. सुनंदाताईस सा. न.

काल शाळा सुटल्यावर उन्नती आली. मी प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धूत होतो. तिने दारातूनच विचारलं की माझी खोड तुम्हालाच माहीत होती, मग सिप्रियन सरांना कोणी सांगितली. मी नळ्या धूत राहिलो. मी नाही म्हटलं असतं, तर मग कोणी हे तिने विचारलं असतं आणि मला तुझं नाव घ्यावं लागलं असतं. ती निघून गेली.

जितेंद्र सगळीकडे सांगतोय की सर बाजूला झाले ते आतून काटा काढायला. माझ्या वर्गातल्या मुलांचे पालकही विचारू लागलेत. ज्यासाठी मी ती शिट्टी सोडली, तेच माझ्या नावावर लागलं.

सध्या वाडीत येणार नाही. तब्येतीला जप.

गुरुदत्त


उमेळे,
१७ डिसेंबर

चि. गुरुदत्त यास आशीर्वाद.

माझं नाव झाकायला तुला कोणी सांगितलं होतं? मी चोरी केली नाही. सूड माझा होता, तो तू गप्प बसून स्वतःच्या अंगावर घेतलास. जितेंद्रपेक्षा मला आता तुझा राग आलाय.

काल बोळिंजला गेले. शाळा सुटताना फाटकात उभी राहिले. पालक होते, पोरी होत्या, तोही होता. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की मास्तरांना गुडघा मी दाखवला. माझा भाऊ मला घरी थांब म्हणाला होता, मी थांबले नाही. जितेंद्रला बजावलं की पुन्हा माझ्या भावाचं नाव घेतलंस तर रोज इथे येईन. वॉचमन हाकलायला आला. मी हलले नाही.

मग उन्नती पुढे आली. मला वाटलं रडेल. तिने शांतपणे विचारलं की तुमचं भांडण जितेंद्र सरांशी होतं, तर त्यांना धरायचं, मला का धरलंत.

गुरुदत्त, तू मला लहानपणापासून ओळखतोस. मला उत्तर आलं नाही असं कधी झालंय का?

तो हरला त्याचं मला अजून बरं वाटतं, ते पुसून लिहिणार नाही. पण पोरगी समोर उभी होती आणि मी पदराशी चाळा करत राहिले. शेवटी तिने सांगितलं की गुरुदत्त सर शिकवणार असतील तर रविवारी वाडीत येईन, पण तुम्ही तिथे नको. मी बरं म्हटलं.

तर रविवारी तू ये. मी फाटक उघडं ठेवीन आणि दिवसभर देवळात जाऊन बसेन. पोरी गेल्या की मला निरोप पाठव, मग घरी येईन.

माया उरली असेल तेवढी ठेव.

सुनंदा