फ्रेममधली मासोळी

प्रिय मनोज,

तुझे फोन आले, मी उचलले नाहीत. राग तोंडानं बोलायला मला जमत नाही, हे तू शाळेपासून जाणतोस. म्हणून लिहितो.

घरी बरं आहे. तिची जांभळी नेलपॉलिश आपण संपवली म्हणून तुझी वहिनी साधना अजून तुझ्या नावानं बोटं मोडते. तू अकोल्याच्या तुझ्या गळ-दोरीच्या दुकानातून पहिली स्ट्रीमर, म्हणजे गळावर केस बांधलेली खोटी मासोळी, आणलीस, ती मरळीनं एका चाव्यात पिंजून टाकली होती. मग आपण ओट्यावर बसून स्वतःच तसल्या केसाळ मासोळ्या बांधू लागलो. बोकडाच्या शेपटीचे केस, कोंबड्याच्या मानेचं पीस. केसांचा जाड पुंजका एकदम बांधला की सुटतो; थोडे थोडे घ्यायचे, प्रत्येक थराला गाठ, गाठीवर नेलपॉलिशचा थेंब, आणि वाळेपर्यंत धीर. तेवढ्यात मी नाम घ्यायचो आणि तू हसायचास, "माळ घालून मासे धरते अन् सोडून देते, असा येडा साऱ्या वऱ्हाडात नाई!" पण मासा सहज सुटावा म्हणून गळाचा उलटा काटा पकडीनं दाबायचा, हे तू मानलंस. पाण्यावर मरळीच्या पिल्लांचा लाल थवा दिसला की दोरी गुंडाळायची, हेही. पिल्लांच्या राखणीवरची मरळ समोर येईल त्यावर झडप घालते. तिला फसवायला कसब लागत नाही.

काटा न दाबता मी एकच बांधली, हिरवी-पिवळी. तू म्हणालास, "दुकानात काचेच्या फ्रेमीत लावतो, तुह्या नावासगट. काटा दाबला तं नमुना अधुरा दिसन." मला किती बरं वाटलं होतं.

त्या रविवारी मोझरीला प्रार्थनेला निघताना मी तुला कळवलं, तलावात पिल्लं आलीत. तू म्हणालास, "तू बिनधास्त जाय, मी तिकडे फिरकत नाई." दुसऱ्या सकाळी बांधावर गेलो. थवा विस्कटलेला, बगळे पिल्लं टिपत होते. मरळ काठच्या बेशरमाच्या झुडपात अडकून मेली होती, तोंडातून तुटकी दोरी लोंबत होती. तलावाचा राखणदार बुधाजी मान खाली घालून म्हणाला, "मनोजभाऊ पाहुणे घेऊन आले होते. मले वाटलं, तुमालेच इचारून आले, म्हून हटकलं नाई."

गळ निघेना, मांस कापावं लागलं. आत हिरवी-पिवळी होती. काल तुझा निरोप आला: फ्रेम भिंतीवर झकास दिसते, गिऱ्हाइकं विचारतात, आणखी बांधून ठेव. पकड आणि दोरा मी साधनाच्या शिवणाच्या डब्यात टाकून दिलेत. मासोळी धुऊन वाळवली, ती या पाकिटात आहे. तिच्यासोबत काहीतरी लिहायला हवं म्हणून हे पत्र. फ्रेममध्ये लाव, रिकामी ठेवू नकोस. नीट बघ, एकही केस सुटलेला नाही.

अजूनही तुझाच,
किसन