पिच्चर संपल्यावर

॥ श्री ॥

बिदर,
रविवार, ११ फेब्रुवारी १९९०

तीर्थरूप सौ. इंदुअक्कास,

नलूचा साष्टांग नमस्कार. आम्ही दोघं बरे आहोत. तुम्हीही सगळे खुशाल असाल. दाजींचे गुडघे कसे आहेत? यंदा थंडी लवकर गेली, ऊन आत्ताच चटकायला लागलंय. ह्यांच्या शाळेच्या परीक्षा जवळ आल्या, त्यामुळे घरात असले तरी पेपर काढण्यात बुडालेले असतात.

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू ते न उघडता कोनाड्यात टाकशील अशी मला धास्ती आहे. टाकलंस तर तुझी चूक नाही. पण उघडलंच असशील, तर शेवटपर्यंत वाच, एवढी विनवणी. दीड वर्षाने धाकटी बहीण पत्र लिहिते आणि काय विचारते, तर केबल घ्यावी का. हसायचं तर हसून घे.

आमच्या गल्लीत व्हिडिओवाल्या बसवराजने केबल आणलीय. मशीन त्याच्या दुकानात, तिथून काळी वायर गच्चीगच्चीवरून घरोघरी गेली आहे. रोजचे तीन पिच्चर. महिन्याचे तीस रुपये, वायर ओढायचे शंभर वेगळे. गल्लीतल्या वीस-एकवीस घरांनी घेतली. आमच्या घरावरून मात्र ती नुसती पुढे जाते, लिंगम्माच्या घरात. कावळे बसतात तिच्यावर.

उदगीरला तुझ्याकडे वर्षभर केबल आहे असं ऐकलं. खरं सांग, घातलेला पैसा भरून निघतो का? घराला काही उपयोग होतो, की नुसताच कालवा?

ह्यांचं म्हणणं, "दूरदर्शन फुकट हाय, ते तरी कोण बघायलंय?" ह्यात खोटं काहीच नाही. आमचा टीव्ही आला त्या आठवड्यानंतर एकदाही लागलेला नाही. त्याच्यावर आमच्या शारूने विणलेला रुमाल आहे. दर शनिवारी मी तो झटकते आणि परत घालते. "जो टीव्ही लावत न्हाईस, त्याला केबल कामून पाह्यजे?" असं ते विचारतात. मास्तर माणूस, बोलण्यात कधी सापडायचा नाही. मी म्हटलं, सकाळचं दूध निम्मं करते, भांडीवाली बंद करते. तर म्हणाले, "नले, पैशाचं न्हाई." पैशाचं नाही हे मलाही ठाऊक होतं. तरी आठवडाभर आम्ही पैशावरूनच भांडलो, कारण दुसऱ्या कशावरून भांडायची आमची दोघांचीही छाती नाही.

तुला कोड्यात ठेवत नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी लिंगम्माकडे गेले होते. तिने मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं.

"नलिनीबाई, वाईट वाटून घिऊ नगा, पर सांगिटल्याबिगर ऱ्हावंना," म्हणाली. "परवा दुपारचा पिच्चर संपला. बसवराज जेवायला गेल्ता जणू, मशीन तशीच चालू. आन एकदम तुमची शारू आली की वो टीव्हीत! पिवळी साडी, हातभर चुडा. उदगीरच्या अक्काच्या गळ्यात हात टाकून हसायली व्हती. मी सुनेला हाक मारूस्तोर गेली बी."

माझ्या हातातलं वाण खाली पडलं अक्का. तिळगूळ सगळा फरशीवर. लिंगम्मा तो वेचत बसली आणि मी तशीच घरची वाट धरली.

शारूच्या लग्नाची कॅसेट ह्याच बसवराजने काढली होती, तुला आठवत असेल. डोळ्यांवर तो मोठा दिवा आणून सगळ्यांना घाम फोडला होता त्याने. तीन तासांची एकच कॅसेट. भाड्याने टीव्ही आणि मशीन आणून आपण ती एकदाच पाहिली, तूही होतीस. पुढे ती ट्रंकेत गेली, आणि शारू गेल्यावर मी ट्रंक उघडलीच नाही. लिंगम्माकडून आल्या आल्या उघडली, तर कॅसेट नाही. ह्यांना विचारलं. बराच वेळ पेपर तपासल्यासारखं केलं. मग म्हणाले, "मीच दिली बसवराजला. घरात ती डबी मला बघवंना." शारूला जाऊन महिनाही झाला नव्हता तेव्हा दिलेली. प्रत्येकाने आपापल्या परीने तोंड लपवलंय ह्या घरात.

कोऱ्या कॅसेटी महाग पडतात म्हणून बसवराजने तिच्यावर पिच्चर भरला. पिच्चर अडीच तासांचा आणि कॅसेट तीन तासांची, म्हणून शेवटी थोडंसं आपलं राहिलं. लग्न सगळं पुसलं गेलं, पाठवणी तेवढी उरली.

कुठल्या पिच्चरच्या मागे आहे, ते लिंगम्माला सांगता येत नाही. अर्धा पिच्चर ती घोरत होती. "मारामारीचा व्हता," एवढं सांगते. सगळेच मारामारीचे असतात.

मी दुकानात गेले. बसवराज बिचारा खाली मान घालून उभा. "बाई, चूक झाली. मास्तरांनी दिली तवा तुमाला इचारायचं सुचलं न्हाई. वरचं नाव खोडून पिच्चरचं लिवलं. कोणती ती, बसवण्णाची आण, मला बी आठवंना." त्याच्याकडे दोनशे कॅसेटी. मशीन एकच, आणि ती दिवसभर केबलला जोडलेली. दोन पिच्चरच्या मध्ये त्याने मला अकरा कॅसेटींची शेपटं लावून दाखवली. मी स्टुलावर पदर घट्ट धरून बसले होते, चारी बाजूंनी ती पोस्टरं, दारात चार रिकामटेकडे. अकरांपैकी कशात नुसत्या मुंग्या, कशात कुणाचं बारसं, एकात जनवाड्याची कुठली तरी वरात. शारू नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत कुणीतरी ह्यांना छेडलं, "काय मास्तर, बाईसाहेब व्हिडिओच्या दुकानात?" ते घरी आले आणि जेवले नाहीत. त्यामुळे दुकानात जाऊन बसणं बंद.

आता उपाय एकच. घरात केबल घ्यायची आणि रोजचे तिन्ही पिच्चर शेवटपर्यंत बघायचे. बसवराज म्हणालाय, "तुमच्यासाठी पिच्चर संपल्यावर पाच मिन्टं मशीन चालूच ठिवतो." तो शब्दाचा पक्का आहे. पण दर शुक्रवारी तो दुसरी मशीन भाड्याने आणून जुन्या कॅसेटींवर नवे पिच्चर भरतो. त्या कॅसेटीवर एखादा लांबलचक पिच्चर पडला की संपलं. बसवराजला सांगायचं तरी काय, अमुक कॅसेट सोड म्हणून? कुठली ते त्यालाही ठाऊक नाही.

तू म्हणशील, फोटो आहेत की. आहेत. पण अक्का, मला तिचा आवाज आठवेनासा झालाय. शब्द सगळे आठवतात. कोणत्या दिवशी काय म्हणाली, कोणत्या साडीत म्हणाली, सगळं. ते मनात म्हणून बघते तर माझाच आवाज येतो. मी पोटच्या पोरीचा आवाज विसरले. हे मी ह्यांनासुद्धा सांगितलेलं नाही. ते केबल नको म्हणतात, कारण ती दिसली तर सहन होणार नाही म्हणून. मला ती दिसली नाही तर वेड लागेल. अशी दोन माणसं एका छपराखाली आहोत आम्ही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. तीनदा चहा करून झाला, आता उठायला निमित्त नाही.

त्या शेवटच्या तुकड्यात काय आहे ते तुला पाठ असेल. जीप दारात उभी होती. शारूने तुझ्या गळ्यात हात टाकला आणि बसवराजच्या दिव्याकडे बघून म्हणाली, "पंचमीला मला न्यायला आईला पाठवू नगा बरं. आई लई वेळ लावती. मावशीला पाठवा." सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने मी हसले. आणि त्या पहिल्या पंचमीला मी तिच्या सासरी, हळ्ळीखेडला पोचले ती सणाच्या दिवशीच, दुपारी, नागाची पूजा उरकल्यावर. त्याचंही आपण हसूच केलं.

शारूच्या तेराव्याला मी भरल्या पंगतीत काय बोलले ते मी विसरलेली नाही. "आठव्या महिन्यात प्रवास नको म्हणून अक्कानं अडवलं, अक्कानं माझी पोर खाल्ली." तू वाढलेल्या पानावरून उठलीस. दाजी तुझ्यामागे चपला हातात घेऊन गेले. मी अडवलं नाही. तू आठव्यात नको म्हणाली होतीस हे खरं. पण मी तुला विचारलंच मुळी आठवा लागल्यावर. सातव्यात काय झालं ते तुला माहीत नाही, ह्यांना माहीत नाही. कुणालाच नाही.

सातव्यात मी ओटी भरायला हळ्ळीखेडला गेले होते. तू तेव्हा तापाने पडली होतीस. बायका गाणी म्हणत होत्या आणि शारू मला परसात घेऊन गेली. म्हणाली, "आई, मला आजच घेऊन चल. पाय सुजायलेत, मन लागंना. मला तुझ्याजवळ ऱ्हायचंय." तिच्या सासऱ्यांनी, तात्यारावांनीसुद्धा आडकाठी केली नव्हती. "न्या की, पहिलं बाळंतपण तुमच्याकडचंच," म्हणाले होते. जीप दारात होती अक्का. पिशवीत दोन साड्या घातल्या असत्या तर झालं असतं.

मी म्हटलं, वीस दिवस थांब.

कशासाठी, ते ऐक. हळ्ळीखेडला त्यांच्याकडे रंगीत टीव्ही. आमच्याकडे भिंतीवरचं कॅलेंडर. दोन महिने पोरगी येऊन राहणार, जावईबापू येणार, तात्याराव बारशाला येणार, आणि मास्तरांच्या घरात टीव्हीसुद्धा नाही म्हणणार, ह्याची मला लाज वाटली. ह्यांचे सोसायटीचे पैसे मंजूर झाले होते, हातात यायचे होते. मी शारूला म्हटलं, टीव्ही येऊ दे घरात, मग तुला नेते, दुपारी करमेल तुला. ती म्हणाली, "मला कुठं टीव्ही पाह्यजे?" मी म्हटलं, "तुला कळत न्हाई." आठवड्याने तिने कुणाच्या तरी हाती रुमाल पाठवला, टीव्हीवर घालायला, चारी कडांना पाखरं विणलेला.

आठवा लागला सोमवारी. टीव्ही आला गुरुवारी.

त्या गुरुवारी संध्याकाळी मी तुला पत्र टाकलं, आठव्यात आणलं तर चालेल का म्हणून. तू काय उत्तर देणार ते मला आधीच माहीत होतं. आपली आई असती तर तिनेही तेच दिलं असतं. मला फक्त कुणाचं तरी नाव हवं होतं पुढे करायला. तुझं केलं. आणि तिला अवेळी कळा सुरू झाल्या, हळ्ळीखेडहून जीप बिदरच्या दवाखान्यापर्यंत आली तोवर ती आणि बाळ, दोघंही गेली होती. मी फाटकात उभी होते. त्या दिवशी मात्र मी वेळेआधी पोचले होते.

माफी मागत नाही. दीड वर्ष तू ते ओझं वाहिलंस, आता माफी मागून मी हलकी होणार नि तू काय होणार? खरं काय ते तुला कळावं म्हणून लिहिलं. दाजींना वाचून दाखव. पंगतीतल्या कुणालाही दाखव.

पण एक मागणं आहे. परवाच्या शुक्रवारी बसवराजने चाळीस कॅसेटी तुमच्या उदगीरच्या केबलवाल्याला बदलीवर दिल्या. होळीनंतर परत येतील. त्या चाळिसांत ती असेल. कदाचित आज दुपारीच तुझ्या घरात लागली असेल आणि तू भाकरीला उठली असशील. अक्का, पिच्चर कितीही रद्दी असला तरी लावून ठेव. शेवटची पाटी आली म्हणून उठू नकोस, बंद करू नकोस. दाजींना त्या केबलवाल्याकडे पाठव. पाच मिनिटं थांब म्हणावं, आणि बिदरच्या कॅसेटींवर काही भरू नकोस म्हणावं. पाया पड म्हणावं त्याच्या, मी पाया पडले असं सांग.

ह्यांना एक पत्र लिही. तुझा शब्द ते मोडत नाहीत. केबल घ्यायला सांग, आणि का ते खरं लिही. सातव्या महिन्याचंही लिही. माझ्या तोंडून निघणार नाही.

आणि ती दिसली तर काय म्हणाली ते मला कळवू नकोस, ते मला माहीत आहे. कशी म्हणाली ते लिही. आवाज बारीक होता का जरा घोगरा, 'मावशी' म्हणताना हसू आधी आलं का नंतर, ते लिही. यावंसं वाटलं तर ये, नाहीतर नुसतं कार्ड टाक. पण लवकर टाक. ह्या वेळी उशीर झाला तर ती परत जाईल.

पोरीने सगळ्यांसमोर सांगितलं होतं, मावशीला पाठवा. तेव्हा मी हसले. आता सांगते, अक्का, तू जा. तूच आण तिला.

तुझी,
वेळ लावणारी,
नलू