पाणचक्कीवाल्यांचं घर

२ फेब्रुवारी

नव्या नकाशाची माणसं गेली एकदाची! आमच्या अग्निशमन केंद्राच्या फोन-कक्षातला जुना नकाशा आजपासून बंद. नवा रंगीत, झकपक, बोटाने फिरतो — आणि घरनावं गायब!

सरकारी नोंदीत आहे तेवढंच येतं म्हणे. डोंगरातल्या वाड्यांत सगळ्यांचं आडनाव एक, पत्त्याचा आकडाही एकच. आमच्या सावानोकुचीत घरोघर होशिना. लोहारवाले होशिना, पुलाकडचे होशिना, आम्ही पाणचक्कीवाले. पाणचक्की कधीच वाहून गेली, नाव राहिलं. ही घरनावं मीच जुन्या नकाशात घातलेली. आता पडद्यावर नुसते होशिना, होशिना, होशिना. आमच्याच केंद्रातून सुटणारी रुग्णवाहिका जाणार कुठे? कपाळ माझं!

५ फेब्रुवारी

जुना नकाशा थोडे दिवस शेजारी चालू ठेवा, असं केंद्रप्रमुख इगाराशीसाहेबांना विनवलं. त्यांनी चहा पाजला. "बघू, विचार करू." म्हणजे नाही. सगळी नावं पुन्हा हातानेच घालायची.

८ फेब्रुवारी

एका टिचकीचं काम आता पाच खिडक्या उघडून. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. डोळ्यांची वाट लागली. या वयात हे मला जमायचं नाही, आणि दुसऱ्या कोणाला घरं माहीत नाहीत.

११ फेब्रुवारी

बाबांकडे जाऊन आले. छपरावर बर्फ साचलंय. "नकाशा हुशार झाला ना? मग तुला पगार कशाचा देतात?" — म्हातारा चिडवतो! फोनवर अजून "पाणचक्कीवाले" एवढंच सांगतात. नीट खूण सांगत जा म्हटलं, तर ऐकतील तर शपथ. छातीचं दुखणं कसं आहे विचारलं. त्यांनी मुळ्याचं लोणचं बांधून दिलं.

१३ फेब्रुवारी

शहरातून बदलून आलेली नात्सुमे मदतीला बसते. गुणी पोरगी. म्हणाली, "तोमिएताई, सावानोकुची आधी घालू या ना. तुमचे बाबा एकटे असतात."

नको म्हटलं. आधी स्वतःचंच गाव केलं तर तोंडावर कोणी बोलणार नाही, पण मागून बोलतील. आमच्या घरी आंघोळीची गरम पाण्याची टाकी सगळ्यांना एकच; पाहुणा आधी उतरायचा, आपण शेवटी. आईने तसंच वाढवलं.

१६ फेब्रुवारी

आमची धरून थोड्याच वाड्या राहिल्या. पडद्याच्या कोपऱ्यात परवापासून एक लाल ठिपका लुकलुकतोय. नव्याचे नखरे! हात लावला नाही. काहीतरी पुसलं जायचं.

१९ फेब्रुवारी

बाबा गेले.

परवा माझी आणि नात्सुमेची सुट्टी होती. फोन पाळीवरच्या सेकीने घेतला. "पाणचक्कीवाले. छातीत दुखतंय." पुढे आवाज नाही. गाडी आधी लोहारवाल्यांकडे गेली, मग वरच्या आळीत. शेवटी पुलाकडच्या आजींनी रस्ता दाखवला. बाबा बूट घालून दाराशी बसले होते. गाडीची वाट बघत. बसल्या जागीच गेले.

सेकी दारात वाकून उभा होता, मान वर करेना. त्याला काय बोलू? आमचं घर मीच शेवटी ठेवलं होतं.

२५ फेब्रुवारी

कामावर गेले. लाल ठिपक्यावर बोट ठेवलं. खिडकी उघडली — सावानोकुची, पाणचक्कीवाले, घर अगदी बरोबर. नात्सुमेने तेराच्या संध्याकाळी बाबांनाच फोनवर विचारून घातलेलं. खाली लिहिलं होतं: तोमिए यांच्या मंजुरीची वाट पाहत आहे.