स्वयंपाकघरातला दिवा

तांडा, ता. सेनगाव
गुरुवार, १३ नोव्हेंबर २०२५

चि. पुजास आशीर्वाद.

आज सुट्टी टाकली. सकाळी याडीची खोली झाडली, बाज उन्हात ठेवली. दुपारी लालसिंगच्या गिरणीतून ज्वारी दळून आणली. तुझ्या घरी सगळे बरे असतील.

परवा तू फोनवर रडलीस. "दादा, मीच याडीला बटण दाबायला नीट शिकवलं न्हाई," म्हणालीस. पुजा, तू नीट शिकवलं होतंस.

लकवा झाल्यावर आईचा आवाज खोलीबाहेर येत नव्हता, म्हणून मी बाजेजवळ बटण आणि स्वयंपाकघरात दिवा बसवला. मध्ये प्रोग्रामवर चालणारा छोटा बोर्ड. त्याच्या एका पिनला बटणाची तार, दुसऱ्या पिनला दिवा. पण बटण दाबलेलं नसतं तेव्हा ती पिन मोकळीच राहते. शेजारची लालसिंगची गिरणी सुरू झाली की तिच्या मोटरमुळे त्या पिनला बटण दाबल्याचा भास व्हायचा आणि दिवा आपोआप पेटायचा. मी पळत जायचो. याडी हसायची, "म्या न्हाई दाबलं रे. तुझा दिवाच येडा हाय."

प्रोग्राममध्ये एक शब्द वाढवला की हे थांबतं. आयटीआयमध्ये पहिल्याच आठवड्यात मी पोरांना तो शिकवतो. घरचं रविवारी करू म्हणत तीन रविवार गेले. मग दिवा पेटला तरी मी उठणं सोडलं.

त्या दिवशी मी भाकरी करत होतो. दिवा पेटला. विझला. परत पेटला. तीनदा. मी तव्याजवळून हललो नाही.

उलटी घशात अडकली होती. नुसतं कुशीवर वळवायला कुणीतरी हवं होतं. मी गेलो तेव्हा तिचा अंगठा बटणावरच होता. तो बाजूला केला. तू यायच्या आत बटण काढून खिशात ठेवलं.

"काहून दादा, दाबलं न्हाई का तिनं?" तू विचारलंस. मी "न्हाई" म्हणालो.

लालसिंग मातीला उशिरा पोचला. सकाळपासून सेनगावला होता. म्हणजे दिवा पेटला तेव्हा गिरणी बंद होती.

तू स्वतःला दोष लावून घेऊ नकोस. माझ्याशी बोलायचं की नाही, ते तू ठरव.

आज तो शब्द लिहिला. गिरणी तासभर चालली, दिवा पेटला नाही. बटण परत जागेवर लावलं आहे. एकदा दाबलं की दिवा मिनिटभर राहील, असंही आज केलं. पत्र पाकिटात घालून त्या खोलीत जाईन, बटण दाबीन आणि इकडे स्वयंपाकघरात येऊन दिवा बघीन.

तुझा भाऊ,
देविदास