राक्षसाच्या शेपटीत आईचं लुगडं

बाबा,

लेमनच्या बाटल्यांची पत्र्याची बुचं एकमेकांवर वाजत गल्लीतून येतात, आणि ओट्यावरची पोरं ‘आला रे आला’ करत घरात पळतात. आज सकाळपासून तो आवाज कानात आहे. चहा गॅसवर उतू गेला तरी मला तोच ऐकू येत होता. पन्नास वर्षं तरी झाली असतील. तुम्ही यायच्या आधी तुमचा अंगरखा यायचा, असं गावातले म्हणायचे ते खरंच होतं.

तुम्ही अंगाने काडी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेच्या पटांगणात नाटक व्हायचं, त्यातला राक्षस चांगला धिप्पाड माणूस पाहिजे, असं दरवर्षी कुणीतरी सुचवायचं. मग तुम्ही शिलाईच्या मशीनवरून मान वर न करता म्हणायचे की अंगरखा माझ्या मापाचा शिवून झाला, आता बदलत नाही. कुठल्याशा थिएटरचा टाकलेला लाल मखमली पडदा तुम्ही खामगावहून आणला होता, त्याचा तो अंगरखा. त्यावर शंभरेक बुचं टाचलेली. खांद्यावर तेलाच्या डब्याचे पत्रे, पोटावर जिनिंगमधला कापूस बांधून केलेली ढेरी, पुठ्ठ्याच्या शिंगांना सिगारेटच्या पाकिटातली चांदी, आणि बकरीच्या केसांच्या मिशा, ज्या दुसऱ्याच वाक्याला एका बाजूने सुटायच्या. मी शाळेत शिकवलेल्या कवितांतले दैत्य गर्जना करायचे तेव्हा डोंगर हलत. तुम्ही गर्जना केली की ढेरी खाली घसरायची.

आणि शेपटी. ती मात्र तुमच्या एकट्याची नव्हती. नाटकाच्या आधी आठवडाभर बाया दुकानावर यायच्या आणि एकेक चिंधी ठेवून जायच्या. वर्षभरात ज्या घरात आजारपण झालं, माणूस गेलं, पोरगी नांदायला गेली ती परत आली, त्या घरातल्या कपड्याची चिंधी. तुम्ही कुणाला काही विचारायचे नाहीत. त्या चिंध्यांची वेणी घालून शेपटी व्हायची. शेवटच्या प्रवेशात राजाचा पाय शेपटीवर पडायचा आणि राक्षस धपकन बुडावर आपटून मरायचा. सगळं गाव पोट धरून हसायचं. दुसऱ्या दिवशी तुम्ही ती शेपटी उसवायचे आणि चिंध्या नदीत सोडून यायचे. गावाची इडापिडा गेली. मला हे लहानपणापासून माहीत होतं, पण कळलेलं नव्हतं.

त्या वर्षी आई गेली होती. मी खामगावला नवा नवा मास्तर लागलो होतो. आमचे मुख्याध्यापक मोठे रसिक, मला कविता म्हणायला लावायचे, आणि त्यांच्या घरी उपवर मुलगी होती हे सगळ्या शाळेला ठाऊक होतं. ते एकदा म्हणाले, तुमच्याकडचं नाटक बघू या, वडिलांनाही भेटू. मी त्यांना सांगून ठेवलं होतं की वडिलांचं कापडाचं दुकान आहे. एसटीतून उतरताना आणखी एक सांगून टाकलं, की वडील नेमके लोणारला गेलेत.

आम्हाला पहिल्या ओळीत बसवलं होतं, पुढ्यातच. भर उन्हाचं नाटक, चारचा सुमार. तुम्ही आलात, मिशी सुटली, लोक हसले, मुख्याध्यापकही हसले. मग तुम्ही पाठ वळवलीत आणि मला शेपटी दिसली. मधोमध आईचं हिरवं लुगडं. शेवटच्या दुखण्यात तिच्या अंगावर होतं तेच. तुमच्या पार्श्वभागावर ते लोंबत होतं आणि माझे साहेब रुमालाने डोळे पुसत हसत होते. राजाचा पाय त्या हिरव्यावरच पडला. तुम्ही आपटलात, चारी पाय वर केलेत आणि मेलात. आई गेल्यापासून तुम्ही हसला नव्हता. त्या दिवशी मेलेल्या राक्षसाचं तोंड हसत होतं, हे मी पाहिलं, आणि माझ्या मस्तकात गेलं.

मुख्याध्यापक माझ्याकडे वाकले. “काय माणूस आहे हो! कोण हा?”

“आहे एक गावातला. जरा वेडसर आहे.”

तुम्ही आमच्यापासून तीन हातांवर पडला होता. पडदा पडेपर्यंत राक्षसाने हलायचं नाही, हा नियम तुम्हीच घालून दिलेला. पण श्वास घेतला की छातीवरची बुचं बारीक वाजायची. माझं वाक्य संपलं आणि ती वाजायची थांबली. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. मग पुन्हा वाजू लागली, हळूहळू. आजूबाजूच्यांनीही ऐकलं होतं. पण मास्तराच्या पाव्हण्यापुढे कुणी तोंड उघडलं नाही.

शेजारच्या काकूंनी आम्हाला चहा दिला. त्यांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. आमचा चहा होऊन पाव्हण्यांची एसटी जाईपर्यंत तुम्ही शाळेच्या मागे, निंबाच्या झाडाखाली, तो सगळा संभार अंगावर घेऊन उकाड्यात बसून होता. मी एसटीला हात करून परत आलो तेव्हा तुम्ही दारात ढेरी सोडत होता.

“पाव्हणे गेले का?” एवढंच विचारलंत.

मी उलट तुमच्यावरच चढलो. म्हटलं, आईचं लुगडं राक्षसाच्या बुडाले बांधता, लाज नाही वाटली का? तुम्ही कापूस झटकत होता. म्हणालात, “मास्तर, ज्याले भ्याचं, ते घरातच असते. आठ महिने ते लुगडं खुंटीवर पाहून राह्यलो मी. हात लावाची हिंमत नोयती होत. आज साऱ्या गावानं त्याले हासलं. आता सोडता येईन मले.”

दुसऱ्या दिवशी तुम्ही ते नदीत सोडलंत. मी आलो नाही.

पंधरा दिवसांनी एसटीच्या कंडक्टरकडे तुम्ही माझ्यासाठी सदरा पाठवलात. माप घेतलं नव्हतं, तरी खांद्याला रेघभर इकडेतिकडे नव्हता. मला आठवलं, मी लहानपणी दुकानात बसून पाठ्यपुस्तकातली कविता म्हणायचो तेव्हा तुमचा पाय मशीनच्या पायट्यावर तिच्याच चालीने पडायचा. वाचता येत नव्हतं तुम्हाला, पण मी ओळ गाळली की पाय अडखळायचा. पुढच्या वर्षी तुम्ही राक्षस झाला नाहीत. गुडघे दुखतात म्हणालात. त्याच्या पुढचा पोळा तुम्ही पाहिलाच नाहीत.

नंतर मुख्याध्यापकांचा जावई झालो. आपल्याकडून लग्नाला काका तेवढे आले आणि तुमचा विषय न काढता जेवून गेले. सासऱ्यांनी वेडसर राक्षसाची गोष्ट घरात इतक्यांदा सांगितली की ती तुमच्या सुनेला पाठ झाली. तिने ती मुलींना सांगितली, नातवंडांना सांगितली. ढेरी घसरते तिथे उशी पोटावर धरून दाखवायची. प्रत्येक वेळी मी हसलो. चाळीस वर्षं माझ्या घरात तुम्ही जेवणानंतरची गंमत होता, बाबा, आणि तुमचं नातं कुणाला माहीत नव्हतं.

गेल्या चैत्रात तुमची सूनही गेली. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात ती म्हणाली, तो राक्षस सांगा ना. मी सांगितलं. बुचं, शिंगं, मिशी, धपकन पडणं. ती खोकला येईपर्यंत हसली. मग माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, “तुम्हाला इतकं बारीक कसं आठवतं हो?”

म्हणालो, मास्तर आहे, पाठांतर पक्कं. तिने डोळे मिटले. ती वाट बघत होती का, हे आता कुणाला विचारू?

तिचं एक निळं लुगडं इथे खुर्चीच्या पाठीवर आहे. दवाखान्यात जायच्या दिवशी ती टाकून गेली तसंच. मी त्याला हात लावलेला नाही. सहा महिने तुमच्यासारखाच नुसतं बघून राहिलोय, फरक इतकाच की माझ्याकडे हसणारं गाव नाही. ते गाव मी त्या दिवशी पहिल्या ओळीत बसून घालवलं. म्हणून हे लिहायला घेतलं. वाटलं, निदान तुम्हाला तरी सांगावं की त्या दिवशी वेडसर कोण होतं. पाठवायचं कुठे, हा प्रश्न नाहीच. पाकीटसुद्धा आणलेलं नाही.

दार वाजतंय. आत्ता, दुपारचं? दूधवाला सकाळीच येऊन गेला, आणि एरवी कुणी येत नाही.

खिडकीतून बघितलं. थोरली लेक आहे. नागपूरहून, फोन न करता, एका खांद्यावर पिशवी. दिवाळीला येणार होती ती. “बाबा, झोपले का?” म्हणून हाका मारतेय. आत आली की हे कागद बघेल आणि विचारेल कुणाला लिहिता. आज मी सांगणार आहे की तो राक्षस तिचा आजा होता.

ती हसेल, याची मला भीती नाही, बाबा. हसली नाही तर काय करू, ते सुचत नाही.